उसनवारीचे चार महिने : क्लोई केलीने आर्सेनलची वाट का धरली?

लंडन : इंग्लंडच्या महिला फुटबॉलमधील हिवाळी हस्तांतरणाची मुदत 30 जानेवारी 2025 रोजी संपत होती. त्याच दिवशी मँचेस्टर सिटीची आघाडीची खेळाडू क्लोई केली उर्वरित हंगामासाठी आर्सेनलकडे ‘लोन’वर, म्हणजे उसनवारीवर, गेली. त्याआधी समाजमाध्यमावरील निवेदनात तिने आपली कोंडी उघड केली होती. करार संपायला काही महिनेच उरले असताना आपण कोणत्या क्लबकडे जावे आणि कोणत्या नाही, हे ठरवून दिले जात असल्याचा आणि त्याने आपले मानसिक स्वास्थ्य ढासळत असल्याचा तिचा आक्षेप होता.

क्रिकेटच्या लिलावाला सरावलेल्या भारतीय वाचकाला ही व्यवस्था थोडी अनोळखी वाटेल. येथे लिलाव नसतो. खेळाडू क्लबशी ठरावीक मुदतीचा करार करते आणि तोवर तिची नोंदणी क्लबच्या हाती राहते. प्रशिक्षकाने संघात घेतले नाही, तरी तिला परस्पर दुसरीकडे जाता येत नाही. उसनवारीत ती अन्य क्लबकडून खेळते, पण मूळ करार कायम राहतो; मूळ क्लबविरुद्ध मात्र तिला मैदानात उतरता येत नाही.

केलीला ही वाट नवी नव्हती. 1998 मध्ये पश्चिम लंडनमध्ये जन्मलेल्या केलीने 2015 मध्ये आर्सेनलकडूनच पदार्पण केले. तेथे जम बसण्यापूर्वी ती उसनवारीवर एव्हर्टनकडे गेली, 2018 मध्ये तेथेच स्थिरावली आणि 2020 मध्ये सिटीत दाखल झाली. मे 2021 मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने तिचे जवळपास वर्ष वाया गेले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, 31 जुलै 2022 रोजी, वेम्बलीवर जर्मनीविरुद्ध 110व्या मिनिटाला तिने केलेल्या गोलने इंग्लंडला युरो चषक मिळवून दिला.

अशी खेळाडू 2024-25 च्या हंगामात सिटीच्या राखीव बाकावर बसून होती. त्यात जुलैमध्ये पुन्हा युरो स्पर्धा होती आणि क्लबकडून न खेळणाऱ्या खेळाडूला राष्ट्रीय संघातील जागा टिकवणे अवघड असते. फेब्रुवारीत इंग्लंडच्या मूळ संघात तिचे नाव नव्हतेच. बोलावणे नंतर आले.

आर्सेनलमध्ये चित्र पालटले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रेआल माद्रिदकडून पहिला सामना 0-2 असा गमावल्यावर आर्सेनलने परतीचा सामना 3-0 ने जिंकला. त्यातील दोन गोल केलीच्या क्रॉसवर झाले. 24 मे रोजी लिस्बनमध्ये बार्सिलोनाला 1-0 असे हरवून आर्सेनलने 2007 नंतर प्रथमच युरोपचे विजेतेपद पटकावले. 27 जुलै रोजी बासेलमध्ये स्पेनविरुद्धच्या युरो अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारली, तीही केलीनेच.

तोवर ती आर्सेनलची कायमस्वरूपी खेळाडू झाली होती. सिटीबरोबरचा करार संपलेला असल्याने आर्सेनलला त्यासाठी हस्तांतरण शुल्क मोजावे लागले नाही.