घरातली सायकल (भाग ५) : यादीत ट्रेनर येतो कसा?

मागचं चाक रोलरवर टेकवायचे ट्रेनर आणि चाक काढून चेन थेट जोडायचे ट्रेनर यांतला फरक आपण गेल्या आठवड्यात पाहिला. दुसऱ्या प्रकाराच्या किमती ऐकल्या की माणूस आधी ‘यंदाचे सर्वोत्तम ट्रेनर’ छापाची एखादी यादी शोधतो. त्या यादीत यंत्राची वर्णी कशी लागते, ते आज बघू.

पुष्कळ याद्या यंत्राला हात न लावताच तयार होतात. माहितीपत्रक समोर घ्यायचं, कमाल वॅट, चढाची टक्केवारी, फ्लायव्हीलचं वजन असे रकाने भरायचे आणि क्रमांक लावून मोकळं व्हायचं. पण ‘अचूकता अधिक-उणे १ टक्का’ हे गुण कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेले असतात. ते न तपासता छापणं ही वाचकाची फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासायचं कसं? वाण्याच्या काट्याची शंका आली की आपण माल दुसऱ्या काट्यावर टाकतो, तसंच. एकाच सायकलवर, एकाच वेळी ट्रेनरचे वॅट मोजायचे आणि पेडलमधल्या किंवा क्रँकमधल्या पॉवरमीटरचेही. ‘डीसी रेनमेकर’ या नावाने लिहिणारे अमेरिकी परीक्षक रे मेकर वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. या सगळ्या आकड्यांच्या रेषा एकाच आलेखावर ठेवून ते वाचकांपुढे मांडतात, आणि कंपन्यांकडून चाचणीला आलेली यंत्रं परत पाठवतात.

रेषा तंतोतंत जुळत नाहीत, जुळूही नयेत. पेडलवरचा जोर चेनमधून ट्रेनरपर्यंत पोचेतो दोनेक टक्के घर्षणात जातो. त्यामुळे ट्रेनरचा आकडा किंचित कमी हवा. तो सातत्याने जास्त येत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

खरी परीक्षा अर्ग मोडमध्ये होते, म्हणजे ठरवून दिलेले वॅट ट्रेनर स्वतःच रोध कमी-जास्त करून राखतो तेव्हा. ३० सेकंद १५० वॅट, लगेच ३० सेकंद ४०० वॅट, पुन्हा खाली. ट्रेनर किती सेकंदांत पोचतो, लक्ष्य ओलांडून जातो का, हे आलेखावर लख्ख दिसतं. काहींची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ येते. नवख्याला ती आवडते, पण माणसाचे पाय असे कधीच चालत नाहीत. यंत्र मोजलेला आकडा गुळगुळीत करून दाखवत असतं. शिवाय यंत्र तापलं की काहींचा आकडा सरकतो, म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं आणि नंतरची वेगळी पाहावी लागतात.

एवढा काटेकोरपणा कशाला? ३०० वॅटवर दोन टक्के म्हणजे ६ वॅट, आणि शर्यतीत तेवढ्याने क्रमांक बदलतात. २०२० साली झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंगच्या मंचावर यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा सगळ्या स्पर्धकांना टॅक्स कंपनीचं निओ २टी हे एकच मॉडेल पुरवलं होतं.

आवाज, घडी, कॅसेट, ब्लूटूथ हे त्यामानाने सोपं. उरतो पैशाचा मुद्दा. यादीतल्या दुव्यावरून खरेदी झाली तर लिहिणाऱ्याला बऱ्याचदा कमिशन मिळतं. तसं जाहीर केलेलं आहे का, तेवढं पाहावं.

आपल्याकडचे दोन प्रश्न मात्र परदेशी याद्यांमध्ये क्वचितच सापडतात. पहिला विजेचा : ती गेली तर काय? निओ मालिकेतले ट्रेनर वीज नसतानाही पेडलिंगवर चालतात, फक्त उताराची नक्कल बंद पडते. दुसरा वॉरंटीचा. वीसेक किलोंचं यंत्र दुरुस्तीला परदेशी पाठवायची वेळ आली तर खर्च कोण करणार, हे विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी लेखी घ्या.

पुढच्या आठवड्यात : पंखा, चटई आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी.