फेसाळत्या पाण्यातले सोबती

नदीचे पाणी आपल्याला आठवते ते उसासाठी, जनावरांसाठी आणि घागरीसाठी. नदीत उतरायचे ते म्हशी धुवायला, पोहायला, नाहीतर पलीकडच्या रानात जायला. पण नदी जिथे दगडांवर आपटून पांढरीफेक होते, नेमकी तिथेच एवढीशी होडी घालायची, चार मित्रांनी मिळून त्या पाण्यातून कोसन्‌कोस खाली जायचे आणि ओलेचिंब होऊन हसत काठाला लागायचे, असा एक खेळ जगात आहे. म्हातारी माणसे हे ऐकतात आणि विचारतात, "पोरांस्नी रानात काम न्हाई व्हय?" प्रश्न चुकीचा नाही. तरी या खेळातली माणसे वाहत्या पाण्याविषयी जे शिकली आहेत, ते पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक घराने कान देऊन ऐकावे असे आहे. म्हणून हा लेख.

या होडीला कयाक म्हणतात. शब्द उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमो लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही अरुंद होडी करीत आणि बर्फाळ समुद्रात शिकारीला जात. होडी वरूनही झाकलेली, मधे फक्त एक माणूस बसेल एवढे भोक. बसल्यावर कमरेभोवती कातडे आवळून घ्यायचे, म्हणजे आत थेंब जात नाही. हातात एकच वल्हे, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. होडी उलटली तर बाहेर न पडता, पाण्याखालूनच वल्ह्याचा एक फटकारा मारून पुन्हा सुलटे व्हायचे, ही त्यांची खरी विद्या. युरोपातल्या माणसाला ती साधली १९२७ साली. एडी पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाला. आजचे कयाक प्लॅस्टिकचे असते. आपल्या घरांच्या गच्चीवर पाण्याच्या ज्या काळ्या टाक्या दिसतात, त्या जशा तापलेल्या साच्यात प्लॅस्टिकची भुकटी फिरवून करतात, तशीच ही होडीही करतात. दगडावर आपटली तरी सहसा फुटत नाही.

महाराष्ट्रात हा खेळ पाहायचा तर रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर जावे. कोल्हापुराहून रात्रभराचा प्रवास. तिथे बहुतेक लोक रबरी राफ्टमधून जातात. सात-आठ जण, प्रत्येकाच्या हातात वल्हे, मागे हुकूम सोडणारा वाटाड्या. पण राफ्टच्या पुढेमागे कयाकमध्ये बसलेला एखादा सडा गडी असतो, त्याच्याकडे नजर ठेवावी. कोणी पाण्यात पडला की पहिल्यांदा पोचतो तो हाच. शिकणारी मुले-मुलीही याच नदीवर कयाक चालवायला शिकतात.

गंमत अशी, की कोकणातल्या नद्या पावसाळा संपला की आटतात, दगड उघडे पडतात. कुंडलिकेला मात्र उन्हाळ्यातही सकाळी पाण्याचा लोंढा येतो. हे पाणी मुळात कुंडलिकेचे नव्हेच. ते आहे घाटावरचे, मुळशीचे. मुळा नदीवर टाटांनी धरण बांधले, पूर्वेकडे भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळणारे पाणी अडवले आणि सह्याद्रीच्या पोटातून व कड्यावरून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. ते वीजघर १९२७ साली सुरू झाले. वीज करून झाल्यावर पाणी नदीत उतरते. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावर तेच पाणी कालव्यात वळवून भातशेतीला देतात. या दोन कामांच्या मधल्या काही मैलांत खेळणारे आपली हौस भागवून घेतात. पाणी सोडले तर खेळ, नाही सोडले तर काठावर बसून चहा.

या पाण्याखाली काय गेले तेही सांगितले पाहिजे. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची भातखाचरे आणि गावेच्या गावे धरणात बुडाली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात तुरुंगात गेले आणि याच लढ्यातून 'सेनापती' ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. राफ्टमध्ये बसून ओरडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते कोण जाणे. धरणासाठी ज्यांची जमीन गेली आहे अशा घरातल्या वाचकांना मात्र त्या लोंढ्याचा आवाज थोडा वेगळा ऐकू येईल.

आधी काठाने चाला

आता मोहिमेविषयी. कुंडलिका ही माणसांच्या वस्तीजवळची, हिशेबाने पाणी सोडलेली नदी. खरे दर्दी लोक जातात ते जिथे रस्ता नाही, गाव नाही अशा नद्यांवर. १९७६ साली माइक जोन्स नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर आपल्या मित्रांना घेऊन नेपाळात गेला आणि एव्हरेस्टच्या बाजूने उतरणाऱ्या दूधकोसी नदीतून त्यांनी कयाक खाली आणली. नाव वाचून आपल्याला दूधगंगा आठवते, पण ही बर्फ वितळून झालेली नदी. पाण्यात हात घातला की काही वेळात बोटे वळेनाशी होतात. त्या मोहिमेची फिल्म जगभर गाजली.

अशा मोहिमेत मित्र म्हणजे गप्पांना सोबत एवढेच नसते. खळाळ आला की सगळे थांबतात. उतरून काठाने चालत जातात, दगडांवर उभे राहून पाणी वाचतात. पाणी कुठे ओढते, कुठे दगडामागे आडोशाचे संथ पाणी आहे, कुठे झाड अडकले आहे, सगळे बघून ठरवतात. मग एक जण जातो आणि बाकीचे खाली दोर घेऊन उभे राहतात. तो सुखरूप पोचला की दुसरा. बोलणे ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या आणि वल्ह्याच्या खुणा आधीच ठरलेल्या असतात. आणि पाणी नीट वाटले नाही, तर होडी खांद्यावर घेऊन काठाने पुढे जातात. यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. उलट, जो कधीच होडी खांद्यावर घेत नाही त्याच्यासोबत जायला शहाणे लोक तयार नसतात.

एव्हरेस्ट चढलेला एडमंड हिलरी १९७७ साली तीन जेट बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून उलटा वर निघाला होता. प्रवाहाविरुद्ध तो थेट हिमालयात शिरला. नंदप्रयागापाशी धबधबा आडवा आला. हिलरीने बोटी तिथेच ठेवल्या आणि पायी वाट धरली.

एवढी काळजी घेऊनही नदी माणूस नेते. माइक जोन्स १९७८ साली काराकोरममधल्या ब्राल्डू नदीत बुडाला. अडचणीत सापडलेल्या आपल्या सोबत्याला मदत करायला तो गेला होता. पाण्याची एवढी जाण असलेला, अंगावर तरंगते जाकीट असलेला हा माणूस. "मला पोहता येतं की" असे म्हणून पुराच्या पाण्यात पाय टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आपला बंधारा

मग आपल्या नद्यांवर हा खेळ का नाही? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या डोंगरात जन्मलेल्या नद्या. पण घाटाच्या पायथ्याशी आल्या की त्या संथ होतात, आणि मग जागोजागी बंधारे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे आपल्या जिल्ह्याने राज्याला दिलेले देणे. दगडी खांब, मधे बरगे, वरून जायला वाट. या बंधाऱ्यांनी आपला ऊस जगवला. पण जगातल्या कयाकवाल्यांना विचाराल, की मोठ्या धबधब्याची भीती जास्त की चार-सहा फुटांच्या बुटक्या बंधाऱ्याची, तर ते बंधाऱ्याचे नाव घेतील.

कारण असे. बरगे घातलेले असताना वरून पाणी सांडते, ते सरळ तळाशी जाते, पुढे जाऊन वर येते आणि त्यातले बरेचसे पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे उलटे वळते. पाण्याचा रहाटच म्हणा. त्यात सापडलेला ओंडका तिथल्या तिथे गरगरत राहतो, माणसाचेही तेच. वरून पाहणाऱ्याला तर पाणी फारसे भयंकर दिसत नाही. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, तेव्हा धोका निराळा. दोन खांबांच्या मधून पाणी जोराने ओढ घेते, त्यात झाडे आणि झुडपे अडकतात, आणि वाहत आलेला माणूस त्या जाळीवर दाबला जातो. पाणी जाते, माणूस अडकतो. खळाळातल्या पडलेल्या झाडाला कयाकवाले यासाठीच सर्वांत जास्त भितात. पुरात उसाचे रान, काटेरी तारेचे कुंपण आणि बाभळीची रांग याच जातीची.

आणि तरीही दर पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी आले की कोणीतरी मोटारसायकल घालतोच. दूध डेअरीला पोचवायचे असते, पलीकडच्या रानातून वैरण आणायची असते. गरज खोटी नाही. पण हिशेब पाहा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर धावते पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उचलते. दोन फूट पाण्यात चारचाकीसुद्धा तरंगून वाहू लागते. भोगावतीवर राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एक दरवाजा उघडला की सुमारे १४०० क्युसेक पाणी सुटते. क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला ४० टन पाणी. दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस धरला, तर दर सेकंदाला असे भरलेले दोन ट्रॅक्टर तुमच्याकडे धावत येतात असे समजा.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावे यांनी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक. होड्या अपुऱ्या, म्हणून पुराच्या वेळी आपल्याकडे गुऱ्हाळाची काहील पाण्यात घालतात. रस आटवायची ही लोखंडी काहील तरंगते खरी, पण तिला ना नाळ ना कणा; धारेत आली की भिंगरीसारखी फिरते, आणि आतला एक जण घाबरून उभा राहिला की कलंडते. साचलेल्या पाण्यात गल्लीतून म्हातारीला न्यायला ठीक, वाहत्या धारेत ती घालू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटली आणि बारापेक्षा जास्त जीव गेले. होडीत तिच्या बेताबाहेर माणसे बसली होती. सुटकेसाठीच निघालेली माणसे ती.

पाण्यात पडलाच तर

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवतात, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून. विहिरीचे पोहणे उभ्या पाण्याचे. वाहत्या पाण्यात पहिली गोष्ट, उभे राहण्याचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांत अडकले की पाणी पाठीवरून लोटते आणि तोंड पाण्याखाली दाबून धरते. उताणे व्हा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर, म्हणजे दगड आला तर तळव्यावर घेता येईल. धारेच्या उलट झगडू नका, दम संपतो. तिरके तिरके काठाकडे सरका. समोर झाड किंवा कुंपण आले आणि चुकवता येत नसेल, तर मात्र पालथे होऊन जोराने पोहत जा आणि अंग त्याच्यावर चढवा; खाली ओढले जाऊ नका.

काठावरच्याने लगेच उडी मारू नये. एकाच्या जागी दोघे जातात. कयाकवाल्यांजवळ एक छोटी दोराची पिशवी असते, ती गावातल्या तरुण मंडळाला सहज करता येईल. ५०-६० फूट दोर घ्यावा, तोही प्लॅस्टिकचा तरंगणारा. नायलॉनचा दोर पाण्यात बुडतो. वेटोळे न करता तो पिशवीत हाताने कोंबत जावा, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. पिशवीत थर्माकोलचा एक तुकडा टाकावा. दोराचे मोकळे टोक आपल्या हातात धरायचे, बुडणाऱ्याला नावाने मोठ्याने हाक मारायची, त्याने पाहिले की पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेकायची. दोर स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला बांधायचा नाही. दोर ताणला की लगेच खाली बसायचे, पाय दगडाला रोवायचे आणि मागून दुसऱ्याने खांदे धरायचे. तो माणूस धारेमुळे आपोआप काठाकडे येतो, त्याला ओढत बसावे लागत नाही. उन्हाळ्यात नदीचे पाणी कमी असताना पाच-सहा जणांनी रिकाम्या कॅनवर ही फेक करून पाहावी. पहिल्या दिवशी बहुतेकांचा दोर अलीकडेच पडतो.