आपल्या माणसावर लिहिताना

व्यक्तिलेख म्हणजे लिहिणाऱ्याच्या आयुष्यात ज्याला मोठी जागा आहे, अशा माणसाचे शब्दांत उभे केलेले चित्र. आई, बाप, आजी, मामा, शाळेतले गुरुजी, घरचा सालगडी, शेजारची मावशी, कोणीही त्याचा विषय होऊ शकते. चरित्राला जन्मापासून अखेरपर्यंतचा हिशेब द्यावा लागतो. मृत्युलेखाला कर्तृत्वाची नोंद घ्यावी लागते आणि गौरवलेखाला सत्काराचे निमित्त सांभाळावे लागते. व्यक्तिलेखावर यातले कोणतेच बंधन नाही. त्याला दोन माणसे मात्र लागतात: ज्याच्यावर लिहायचे तो आणि जो लिहितो तो. त्या दोघांतले नाते हाच लेखाचा खरा विषय असतो.

या लेखनाची पहिली तालीम बहुतेकांना शाळेत मिळते. 'माझी आई' आणि 'माझे आवडते शिक्षक' हे निबंध मराठी शाळेतून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने लिहिलेले असतात. त्यात आई प्रेमळ असते, कष्टाळू असते, पहाटे लवकर उठते. वर्गातल्या सगळ्या वह्या एकत्र वाचल्या, तर सगळ्यांची आई एकच असावी असे वाटते. विशेषणांची ही सवय मोठेपणीही सुटत नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाला काढलेल्या स्मरणिकेत, निवृत्त मुख्याध्यापकांच्या गौरवग्रंथात तेच शब्द पुन्हा भेटतात. माणूस मात्र भेटत नाही.

गंगाखेडची जनी

विशेषणे टाळून माणूस कसा दाखवावा, याचा जुना धडा परभणी जिल्ह्यात आहे. संत जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणी त्या पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी आल्या आणि तिथेच राबल्या. त्यांच्या अभंगांतला विठ्ठल दळू लागतो, पाणी भरतो, शेणी वेचतो, जनीचे डोके न्हाऊ घालतो. देवाच्या मायेविषयी सांगायचे असताना त्या देवाला कामाला लावतात. जनीचा दिवस ज्या कामांत जाई, त्याच कामांत देव दिसतो. म्हणून तो तिचा वाटतो, इतर कोणाचा नाही.

जनाबाईंच्या नावावरच्या आणखी एका अभंगात नामदेवांच्या घरातली माणसे नावानिशी येतात. गोणाई आणि राजाई या सासू-सुना, दामा आणि नामा हे बापलेक, मग मुलगे आणि त्यांच्या बायका. यादीच्या अगदी शेवटी जनी स्वतःला बसवते. त्या घरात तिचे स्थान काय होते, हे त्या जागेवरून कळते. लिहिणाऱ्याने आपली जागा नेमकी कशी सांगावी, याचा याहून थोडक्यातला नमुना शोधून सापडणार नाही.

खुद्द नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नर्सी पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. नामदेवांच्या गाथेत ज्ञानेश्वरांचा जन्म, दोघांची तीर्थयात्रा आणि आळंदीची समाधी यांवरची अभंगमालिका आहे. एका कवीने आपल्या सोबत्यावर केलेली ती रचना आहे. समाधीच्या अभंगांत ज्ञानेश्वरांच्या थोरवीइतकेच मागे राहिलेल्यांचे व्याकूळ होणे दिसते.

गद्यातली सुरुवातही अशाच लेखनाने झाली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' रचले. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना गाठून म्हाइंभटांनी एकेक आठवण गोळा केली. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, अशा बारीक तपशिलांतून ते चरित्र उभे राहिले. माणूस गेल्यावर लिहायचे असेल तर आधी विचारत फिरावे लागते, हे मराठी गद्याला पहिल्यापासून ठाऊक आहे.

लिहिता न येणाऱ्या बायकांनी हेच काम जात्यावर केले. माय, भाऊ, बाप आणि सासर यांवरच्या ओव्या म्हणजे दोन ओळींचे व्यक्तिलेखच. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा 1 लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बायकांनी गायलेल्या ओव्याही आहेत.

छापील मराठीतले नमुने

विसाव्या शतकात या लेखनाला अनेक वाटा फुटल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात पुस्तकरूपाने आली. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. त्यातून हे लेखन सुरू झाले. कवी नारायण वामन टिळक त्यात लहरी, रागीट, उदार आणि व्यवहारात कच्चे असे सगळेच दिसतात. लक्ष्मीबाई नवऱ्याला हसतात, त्याच्यावर रागावतात, आणि त्यामुळेच त्यांचा जीव त्याच्यात किती गुंतला होता हे कळते.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला धोंडीवर ओचे पसरायला लावतो, हा त्यातला प्रसंग वाचकांच्या कायम लक्षात राहिला. आईच्या शिकवणुकीबद्दलची पाने विसरली जातात; धोंडीवर पसरलेले ओचे विसरले जात नाहीत.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ने 1949 मध्ये दाखवून दिले, की दुष्काळी मुलखातला कोणताही साधा माणूस थोडक्या पानांत पूर्ण उभा करता येतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसे कल्पनेतून घडलेली आहेत, पण 1966 च्या 'गणगोत'मध्ये त्यांची खरीखुरी माणसे आहेत. त्यातले बेळगावचे रावसाहेब कानडी वळणाच्या मराठीत आणि शिव्यांसकट बोलतात. त्यांची भाषा सभ्य करून छापली असती, तर रावसाहेब उरलेच नसते.

नोंद आणि लेख यांतला फरक

परभणीचे लेखक बी. रघुनाथ यांच्याकडे पाहिले, की कोशातली नोंद कुठे थांबते आणि व्यक्तिलेख कुठे सुरू होतो हे समजते. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म 1913 साली सातोना इथे. शिक्षण हैदराबादला, नोकरी निजाम राजवटीतल्या बांधकाम खात्यात, मृत्यू 7 सप्टेंबर 1953 रोजी परभणीत. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या आणि ललित निबंध लिहिले. एवढे कोश सांगतो. पण दिवसभर कचेरीचे कागद हाताळणारा माणूस लिहायला केव्हा बसत असेल, उर्दूत चालणाऱ्या राज्यात मराठी लेखक म्हणून त्याला कसे वाटत असेल, घरात त्याच्या लिहिण्याचे कौतुक होते की अडचण, हे प्रश्न ज्याने त्याला जवळून पाहिले तोच सोडवू शकतो. तारखा कोणालाही मिळतात. जवळच्याने लिहायचे ते जे त्याच्याखेरीज कोणाला मिळणार नाही ते.

नरहर कुरुंदकरांचा जन्म 1932 साली नांदापूरचा, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातला. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांचे अभ्यासक ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा, आणि भाच्याच्या वैचारिक घडणीत मामांचा वाटा मोठा होता. कुरुंदकरांनी माणसांवर पुष्कळ लिहिले. ज्याच्याविषयी आदर आहे त्याचीही चिकित्सा ते टाळत नाहीत. आदर आणि परखडपणा एकाच लेखात नांदू शकतात, हे त्यांच्या लेखनातून शिकता येते.

सामग्री कशी जमवावी

व्यक्तिलेखासाठी माणूस थोर असावा लागत नाही. त्याच्यामुळे लिहिणाऱ्याच्या जगण्यात काहीतरी बदलले, एवढे पुरे. ज्या माणसाबद्दल लिहिणाऱ्याच्या मनात एखादा न सुटलेला प्रश्न आहे, त्याच्यावरचा लेख बहुधा अधिक सकस होतो. बापाने शेत विकून शिकवले, पण कधी पाठीवरून हात फिरवला नाही, असे असेल तर त्या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात हे शोधण्यासाठी लेख लिहिला जातो. उत्तर आधीच ठरलेले असेल, तर उरते ती स्तुती.

आठवणी जमवताना वस्तूंचा आधार उपयोगी पडतो. आजोबांची दस्ती, पानपुडा, उर्दूत लिहिलेला शेताचा जुना कागद, शेतातल्या आखाड्यावरची बाज, पुठ्ठा फाटलेले पासबुक, यांतली प्रत्येक वस्तू चार प्रसंग वर आणते. त्यानंतर इतरांना विचारावे. एकाच घरातल्या भावंडांना बाप वेगवेगळा आठवतो, आणि थोरल्याच्या आठवणीतला कडक बाप धाकट्याच्या आठवणीत मवाळ झालेला असतो. हा फरक लपवण्यापेक्षा लेखात आणणे चांगले.

जमलेल्या सगळ्याच आठवणी वापरायच्या नसतात. आजी काटकसरी होती असे लिहिण्याऐवजी, ती आलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर नातवाकडून किराण्याची यादी लिहून घ्यायची, असे लिहिले की काटकसर हा शब्दच लागत नाही. प्रसंग निवडताना एक कसोटी लावता येते: हाच प्रसंग दुसऱ्या कोणाच्या आजीबद्दल सांगता येईल का? येत असेल तर तो बाजूला ठेवावा.

बोली

माणसाची ओळख त्याच्या बोलण्यात सर्वांत लवकर पटते. परभणीकडचा म्हातारा 'का' असे विचारत नाही, 'कामून' असे विचारतो. हैदराबाद संस्थानातल्या पिढ्यांच्या तोंडी उर्दू-दखनीचे शब्द सहज येतात, कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे निजाम राजवट असेपर्यंत, या भागाचा सरकारी कारभार उर्दूत चालत होता. अशा माणसाच्या तोंडी पुणेरी प्रमाणभाषा घातली, तर वाचकाला खोट लगेच कळते. मात्र बोलीचा अतिरेकही नको. निवेदन आपल्या भाषेत आणि त्या माणसाची मोजकी वाक्ये त्याच्या भाषेत, ही वाटणी बहुतेक लेखांना मानवते. जे वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे, ते आधी घ्यावे.

दोष आणि लिहिणाऱ्याची जागा

ज्याच्यात एकही उणे नाही असा माणूस वाचकाला खरा वाटत नाही. शिस्तीचे गुरुजी कधी अन्यायाने मारतही असतील, दानशूर काका घरच्यांच्या बाबतीत हात आखडताही घेत असतील. असे लिहिल्याने त्यांचे मोल कमी होत नाही. उलट, पुढे आलेल्या चांगल्या गोष्टीवर विश्वास बसतो. दोष सांगताना हिशेब चुकता करण्याचा सूर मात्र येऊ नये. राग अजून ताजा असेल तर लेख काही काळ ठेवून द्यावा.

दुसरी अडचण उलट्या दिशेची असते. आईवर लिहायला बसलेला लेखक हळूहळू स्वतःच्या यशाची कथा सांगू लागतो आणि आई त्याच्या सत्कारात हार घेऊन उभी राहते. 'मी' हवा, पण साक्षीदार म्हणून. तेव्हा आपण किती वर्षांचे होतो, काय कळत होते आणि काय कळत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले तर लहानपणीची नजर आणि आजची समज यांतले अंतर आपोआप दिसते.

रचना

जन्म, शिक्षण, लग्न, नोकरी, आजारपण, निधन हा क्रम चरित्राचा. व्यक्तिलेखात एखाद्या बोलक्या प्रसंगाने सुरुवात करून मागेपुढे जाता येते, किंवा त्या माणसाचा एक दिवस धरून त्याभोवती सारे गुंफता येते. पाच-सहाशे शब्दांच्या लेखाला दोन प्रसंग पुरतात, तर दीड-दोन हजार शब्दांत चार-पाच प्रसंग आणि एक पालट मावतो. पालट म्हणजे ज्या ठिकाणी त्या माणसाबद्दलचे मत बदलले ती जागा. ती नसेल तर प्रसंग नुसते एकामागून एक येत राहतात.

शेवटी उपदेश करण्याचा मोह होतो. 'अशी माणसे आता दुर्मीळ झाली' हे वाक्य इतक्या लेखांच्या शेवटी आले आहे, की त्याने कोणत्याही माणसाबद्दल काही कळत नाही. सांगण्यासारखा शेवटचा प्रसंग किंवा शेवटची माहिती दिली, की लेख संपवावा.

जिवंत माणसांची मर्यादा

छापण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्या लागतात. ज्याच्यावर लिहिले तो हयात असेल तर मजकूर त्याला वाचून दाखवणे योग्य. लेखात येणारे इतर लोक, विशेषतः शेजारी आणि सोयरे, यांनी छापील पानावर येण्याची परवानगी दिलेली नसते. त्यांची नावे बदलावीत किंवा गाळावीत. आजार, कर्ज, मोडलेले लग्न अशा गोष्टी त्या माणसाला समजून घेण्यासाठी अत्यावश्यक असतील तरच ठेवाव्यात. गावे, वर्षे आणि नाती घरातल्या जाणत्या माणसाकडून पडताळून घ्यावीत, कारण कुटुंबात पुढच्या पिढीकडे बऱ्याचदा हाच एक कागद जातो. शेवटी लेख मोठ्याने वाचावा आणि जिथे विशेषणांची रांग लागली असेल, तिथे त्या माणसाने केलेली एखादी गोष्ट लिहावी.