‘निवळी’ आणि पोहण्याच्या टाक्यातील पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील राजूर हे गाव दगडी कोळसा व चुन्याच्या भट्ट्या यांसाठी ओळखले जाते. कळीचा चुना विरवून भरपूर पाण्यात ठेवला असता वर जे स्वच्छ पाणी येते, त्यास मराठीत ‘चुन्याची निवळी’ म्हणतात. ‘निवळी’ हेच नाव एका झाडासही आहे. त्याचे बी माठाच्या आतून घासले म्हणजे गढूळ पाण्यातील मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. संस्कृतात हा ‘कतक’. त्याचे केवळ नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा दृष्टान्त मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात आहे. स्मृतिकाराचा रोख अर्थात् पाण्यावर नव्हता.

दोन्ही ठिकाणी क्रिया एकच : जड ते खाली बसते, स्वच्छ ते वर राहते. तिला स्थैर्य लागते. घरगुती पोहण्याच्या टाक्यात पाणी नीट फिरत नसेल, तर तेही असेच निवळते; आणि निवळ ते शुद्ध, असा समज शब्दच करून देतो. वस्तुतः रोगजंतू त्या निवळ पाण्यातही राहतात. त्यांच्या नाशासाठी क्लोरीन प्रत्येक कोपऱ्यात पोचावयास हवा, म्हणजे पाणी हलावयास हवे. पाणी आत सोडणारी तोटी व ओढून घेणारे तोंड जवळजवळ असली, तर तेच पाणी पुनःपुन्हा फिरते, पायऱ्यांजवळचे जागचे हलत नाही आणि शेवाळ प्रथम तेथेच धरते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम पाणी स्थिर असता तळाचा गाळ नळीने ओढून बाहेर टाकावा. मग भिंती व कोपरे कुंच्याने घासावेत, तोटी भिंतीच्या कडेने तिरपी वळवावी आणि अडलेल्या जागेचे पाणी बुडत्या पंपाने दुसऱ्या टोकास सोडावे. क्लोरीन घालावयाचा तो यानंतर, सूर्यास्ताच्या सुमारास. विदर्भातील उन्हात तो झपाट्याने नाहीसा होतो.

ब्लीचिंग पावडर ही विरलेला चुना व क्लोरीन यांपासूनच होते. तीत 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असल्यास 10,000 लिटर पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन देण्यास सुमारे 60 ग्रॅम पावडर लागते. शेवाळलेल्या पाण्यास अधिक. ती बादलीभर पाण्यात कालवून ठेवावी, चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी टाक्यात फिरवून ओतावी. तरीही पाण्याचा सामू वाढतोच. तो 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान ठेवावा लागतो, कारण त्यावर गेल्यास क्लोरीनची जंतुनाशक शक्ती उतरते, आणि हे पाण्याकडे पाहून कळत नाही.