पक्षी उडाले, म्हणजे आपण चुकलो

ओझरच्या आमच्या पोरापोरींच्या निसर्ग गटाचा पहिला नियम: पक्षी आपल्यामुळे उडाला, तर चूक आपली.

हे मी चूक करूनच शिकलो. आपल्याच निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला फोटोसाठी मी मोबाईल घेऊन थेट पाण्याच्या कडेला गेलो. बदकांचा अख्खा थवा उठला. फोटोत आलं नुसतं पाणी!

यात बिघडलं काय? गोदावरी-कादवा संगमाजवळच्या या बंधाऱ्यात गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या. म्हणून हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून आलेली बदकं इथं उतरतात. पोटभर खातात, परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. आपण उठवलं, की तीच चरबी जळते, खायचा वेळही जातो. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पण नुसत्या पाटीनं पक्षी राखले जात नाहीत.

मग करायचं काय? दुर्बीण घ्या, लांबूनच बघा. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, की दोन पावलं मागे या. मोबाईलवर तारीख, जागा, पक्ष्याची जात आणि संख्या नोंदवा. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत अशाच नोंदी लागतात.

येताय ना? मोबाईल तेवढा सायलेंटवर ठेवा!