स्टँडवरची पेन्सिल

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभा राहिला, म्हणजे यंदा २० वर्षं. त्यानिमित्ताने जुना प्रश्न पुन्हा निघाला: हा वाद्यवृंद जिथे वाजवतो त्या मुंबईच्या एनसीपीएच्या मंचावर आपली मुलं इतकी थोडी का? वाद्यं महाग, शिक्षक कमी, हे सगळं खरं आहे. पण माझं लक्ष दुसरीकडेच जातं. शिकणारी मुलं घरी रोज नेमकं काय करतात?

माझी भाची चेलो वाजवते. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत, तिसऱ्या भागाच्या मध्यावर चेलो आणि डबल बास एकदम धावत सुटतात. ती जागा तिला बसवायची होती. आठवडाभर मी ऐकत होतो: पहिल्यापासून सुरुवात, त्या जागी अडखळणं, पुन्हा पहिल्यापासून. रोज ४० मिनिटं. घरात कौतुक, पोरगी किती मेहनत घेते! प्रत्यक्षात अडखळण्याचाच रियाज चालला होता.

तिच्या सरांनी पेन्सिल घेतली आणि दोन बारांभोवती चौकट आखली. बोटं चुकतच नव्हती, तार बदलताना बो उशिरा पोचत होता. मग डावा हात बाजूला ठेवून मोकळ्या तारांवर नुसता बो. त्यानंतर मेट्रोनोम ६० वर, एकेक बार, पण पुढच्या बारचा पहिला स्वर घेतल्याशिवाय थांबायचं नाही, कारण गाडी घसरते ती सांध्यावर. दहाव्या मिनिटाला ती ओरडली, "मामा, इथंच होतं ते!"

टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास प्रत्येक संगीत वर्गाच्या दारावर लावावा असा आहे. पियानोच्या १७ विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्टोतले जेमतेम तीन बार दिले आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतले. सरस ठरले ते जास्त वेळ बसलेले नव्हते, जास्त वेळा घोकलेलेही नव्हते. चूक झाली की ते तिथेच थांबत, नेमकी जागा शोधत, लय उतरवत आणि ती दुरुस्त करूनच पुढे जात.

आपल्याकडे रियाज तासांत सांगायची सवय. त्यात अँडर्स एरिक्सनच्या १९९३ च्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून "दहा हजार तास" एवढंच उचललं गेलं. ते वादक सकाळी उशिरा, डोकं ताजं असताना वाजवत आणि दुपारी चक्क झोपत, हे कुणी सांगत नाही. शाळा, क्लास आणि लोकलमधून दमून आलेल्या मुलाला रात्री नऊला दीड तास बसवणं मला क्रूर वाटतं. सकाळी २० मिनिटं, संध्याकाळी २० मिनिटं बसवा, आणि पेन्सिल स्टँडवर हवीच.

वाद्यवृंदाचा रियाज एकट्याच्या रियाजाहून वेगळा, कारण त्यात न वाजवणंही शिकावं लागतं. द्वोराकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत झांजेचा एकच हलका आघात आहे, तोही शेवटच्या भागात. तो वादक बाकी सारा वेळ ऐकत आणि मोजत असतो. म्हणून रोज पाच मिनिटं वाद्य खाली ठेवून, रेकॉर्डिंग लावून, पार्टवर बोट फिरवत विराम मोजावेत.

आणि रोज नोटेशनचं एक नवं पान वाचावं. पोर्तुगीजकालीन गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गोवेकरांनी भरले ते त्या बळावर. संगीतकार प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे.

भाचीची धावती जागा आता बसलीय. तिथून थोडं पुढे बेथोव्हेनने चेलोंना दोनदा सुरू करून मधेच थांबवलंय आणि तिसऱ्यांदा सोडलंय. सध्या ती ते दोन थांबे घटवते आहे: बो हवेत, ओठांत आकडे, आणि खोलीत फक्त मेट्रोनोमची टिकटिक.