डिस्को मेला? मग आपल्या लग्नात वाजतंय ते काय?

(एपिसोडचा लिखित मजकूर. रेंज नसेल तर वाचा, रेंज आली की ऐका.)

मागच्या भागानंतर भामरागडकडच्या एका श्रोत्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "दादा, डिस्को नक्की संपला कधी?" प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर शिकागोत एक, मुंबईत दुसरं आणि हेमलकशात तिसरंच मिळतं.

शिकागोपासून सुरू करू, कारण तिथे तर तारीखच ठरलेली आहे. १२ जुलै १९७९. कोमिस्की पार्क नावाचं बेसबॉलचं मैदान. स्टीव्ह डाल नावाचा एक रेडिओवाला होता, त्याला डिस्कोचा भयंकर राग. त्यानं आणि मैदानवाल्यांनी मिळून टूम काढली: डिस्कोची एक तबकडी घेऊन या, तिकीट फक्त ९८ सेंट. सुमारे पन्नास हजार लोक आले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात तबकड्यांचं खोकं मैदानाच्या मधोमध ठेवून उडवून दिलं. मग पोरं मैदानात घुसली, गवत उखडलं, पोलीस आले. दुसरा सामना झालाच नाही, तो पाहुण्या डेट्रॉइट संघाला बहाल करावा लागला.

"डिस्को मेला" ही बातमी त्या रात्रीची. आणि खरंच, त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या यादीत वरची जागा डिस्कोची होती, पावसाळा संपता संपता पहिल्या दहात डिस्को म्हणावं असं गाणं उरलं नाही. ग्रॅमीवाल्यांनी १९८० साली डिस्कोसाठी खास पुरस्कार ठेवला, तो ग्लोरिया गेनरच्या 'आय विल सर्व्हाइव्ह'ला दिला आणि पुढच्या वर्षी तो प्रकारच बंद करून टाकला. एकदाच दिलेला पुरस्कार!

पण त्या मैदानावर त्या दिवशी व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक काळा मुलगा लोकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्यानं पुढे सांगितलं, की लोक आणत होते त्यातल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. डिस्को जन्मला तो काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांत. 'हे काय संगीत आहे का' असं म्हणत ते उडवणाऱ्यांना फक्त तालाचाच राग होता, असं मला तरी वाटत नाही.

आता ताल म्हणजे काय ते एका वाक्यात. मोठा ढोल प्रत्येक मात्रेवर, धप् धप् धप् धप्, मिनिटाला साधारण १२०. आड नाही, तोड नाही. नाचणाऱ्याला पाय कुठे टाकायचा याचा विचारच करावा लागू नये, अशी सोय. आणि गाणं तीन मिनिटांत संपलं तर नाचणाऱ्याचा जीव भागत नाही, म्हणून बारा इंची तबकडीवर तेच गाणं सहा-सात मिनिटं लांबवायचे.

हा ताल मेला का? छे. ऑक्टोबर १९७९ मध्ये मायकल जॅक्सनचं 'डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ' एक नंबरवर होतं. ऐकून बघा, डिस्को नाही तर काय आहे ते? फक्त त्याला कुणी डिस्को म्हणेना. त्याच सप्टेंबरात 'रॅपर्स डिलाइट' आलं, रॅपचं पहिलं मोठं हिट, आणि त्याच्याखालचा बास थेट 'शिक' या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'वरून उचललेला. शिकागोतच 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स जुन्या डिस्को तबकड्या कापून-जोडून वाजवत राहिला. त्यातून जे झालं त्याला हाउस म्हणतात. आणि तो व्हिन्स लॉरेन्स? १९८४ साली जेसी साँडर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' बनवणाऱ्यांत तो होता, हाउसची पहिली तबकडी म्हणून जिचं नाव घेतात ती. जिथे खोकं उडवलं त्याच शहरात.

चला, मुंबईला. आपल्याकडे तर अजून सुरुवातच व्हायची होती. जून १९८० मध्ये फिरोज खानचा 'कुर्बानी' आला. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण 'आप जैसा कोई' तेवढं बिद्दूचं. हा बंगळुरूचा माणूस लंडनला जाऊन १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग' करून जगभर गाजला होता. गायिका कराचीची नाझिया हसन, वय पंधराच्या आसपास. या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' आला, डिसेंबर १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'. मिथुन आणि बप्पीदा. नायकाची आई इलेक्ट्रिक गिटारचा शॉक लागून मरते असा सिनेमा! तेव्हा हेमलकशाच्या आसपासच्या गावांत वीजच नव्हती. गिटारमधून करंट म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावणार होते?

मराठीत हा ताल आणखी उशिरा आला. १९८७ च्या 'गंमत जंमत'मधलं किशोर कुमारचं गाणं आजही गणपतीत वाजतं, ते अरुण पौडवालांचं. अमेरिकेत डिस्कोचं तेरावं घातल्याला तोवर आठ वर्षं झाली होती.

या सगळ्यात माझा आवडता माणूस मात्र वेगळाच आहे. चरणजित सिंग. मुंबईतल्या सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, बास, सिंथेसायझर वाजवणारा. त्याच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची दोन नवी यंत्रं होती. एक ८०८, ढोलाचं यंत्र. दुसरं ३०३, बासचं यंत्र. १९८२ साली त्यानं भैरवी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग घेतले आणि त्यांच्याखाली तोच धप् धप् ताल लावून एचएमव्हीसाठी एक एलपी केली, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. फार कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या 'फ्यूचर' नावाच्या गटानं त्याच ३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं आणि 'अ‍ॅसिड हाउस' जन्मलं असं सगळे म्हणाले. २०१० साली चरणजितची तबकडी परत बाजारात आली तेव्हा युरोपातले लोक चक्रावले. म्हाताऱ्या चरणजितला मग परदेशात बोलावून कार्यक्रम झाले. २०१५ साली तो गेला. शिकागोवाल्यांनी त्याचं ऐकून केलं असं नाही. एकच यंत्र, एकच ताल, दोघांना वेगवेगळं सापडलं. पण आपल्याकडच्या माणसाला सापडलेलं अठ्ठावीस वर्षं धूळ खात पडलं.

आता हेमलकसा. जरा मागे जाऊ.

शिकागोत ते खोकं उडवण्याच्या अकरा दिवस आधी, १ जुलै १९७९ ला, जपानात सोनीचा वॉकमन विकायला आला. माझ्या मते त्या महिन्यातली खरी बातमी ही होती. तबकडी वाजवायला घरात बहुधा वीज लागते, सपाट जागा लागते, पैसा लागतो. कॅसेटला मोठे सेल पुरतात. इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला २३ डिसेंबर १९७३ ला. गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो चंद्रपुरातून निघाला २६ ऑगस्ट १९८२ ला. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे तर अजून बघतोच आपण. अशा मुलखात नवं गाणं येणार ते सेलवरच्या ट्रान्झिस्टरमधून, नाहीतर कुणाच्या तरी पिशवीतल्या कॅसेटमधून.

आणि कॅसेटमध्ये एक बटण होतं, जे तबकडीत कधीच नव्हतं. लाल ठिपक्याचं, रेकॉर्डचं. आजवर काय छापायचं ते एचएमव्हीसारख्या एक-दोन मोठ्या कंपन्या ठरवत. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतं, कोळीगीतं, विठ्ठलाची गाणी गावोगावच्या टपऱ्यांवर आली. मोठ्या कंपनीला जे 'चालणार नाही' असं वाटायचं तेच चाललं. तुमच्या खिशातल्या फोनचा आजोबा म्हणजे ते लाल बटण.

रोलँडवाल्यांनी १९८५ मध्ये ऑक्टोपॅड काढलं, तेही इथवर पोचलंच. बँजो पार्टीत, ऑर्केस्ट्रात काठ्यांनी बडवतात ते. म्हणजे चरणजितच्या यंत्राचं धाकटं भावंडं आपल्या मिरवणुकीत आहे.

मग कुणी म्हणेल, हा ताल बाहेरचा, यानं आपला रेला मारला. थांबा. रेला काय आहे बघा. हात गुंफून गोल, पावलांचा एकच ठेका, एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि हे रात्रभर. बारा इंची तबकडी ज्यासाठी काढली ते माडिया पोरापोरींकडे आधीपासून होतं, तेही सेलशिवाय. यूट्यूबवर 'गोंडी डीजे' टाकून बघा, दोन्ही ताल किती सहज एकात एक बसतात. तालाचं भांडण नाहीच.

भांडण असेल तर तोंडाचं आहे. रेल्यात नाचणारा गातो. ओळ विसरली तर शेजारीण सांगते, आवडली नाही तर नवी जोडतात. डब्यासमोर नाचणारा गात नाही, डबा गातो. लग्नात गोल धरायच्या आधीच डीजे सुरू झाला, की त्या रात्री कुणा आजीची ओळ कुणी उचलत नाही. शिकागोसारखं खोकं कुणी उडवत नाही इथे. नुसती ओळ टाकणारीची पाळी येत नाही. मला याची जास्त धास्ती वाटते, कारण याची कुठे तारीख नोंदली जात नाही.

डीजे बंद करा असं मी म्हणणार नाही, मीही नाचतो. पण पहिला तास गोलाला देऊन डबा नंतर लावता येतो. आणि फोन हातात असेल तर एक काम करा. गाणारीला विचारून रेकॉर्ड करा, तिची हरकत नसेल तरच. फाइलला 'ऑडिओ ००७' असं नाव ठेवू नका. कोण गायलं, कुठलं गाव, कोणत्या निमित्तानं, कोणती तारीख, एवढं बोलून ठेवा सुरुवातीला. चरणजितच्या तबकडीवर निदान त्याचं नाव तरी छापलेलं होतं.

पुढच्या भागात ऑक्टोपॅड आणि झाडीपट्टीची नाटकं, वडशाच्या बाजूला जाऊ. भाग छोटा ठेवतो, म्हणजे आलापल्लीला गेलात की एकदम डाउनलोड होईल.